जुन्या हॉकी स्टिका जमवायच्यात? पुण्यातल्या नवख्या संग्राहकासाठी

पुण्यात घड्याळं, कॅमेरे, कंदील आणि पितळी भांड्यांचे जाणकार पेठेपेठेत सापडतात. जुन्या हॉकी स्टिकेला मात्र अजून कोणी वाली नाही. ती दाराला अडसर म्हणून पडून असते, गच्चीवर गाद्या झोडपायला वापरली जाते, नाहीतर थंडीत बंबात जाते. नव्या माणसाला थोड्या पैशांत चांगला संग्रह उभा करता येतो तो यामुळेच. त्यासाठी लाकूड, सांधा आणि शिक्का वाचता आला पाहिजे. इथे भर हॉकी स्टिकवर आहे. रॅकेट, बॅट, चेंडू आणि तालमीतलं साहित्य जाता जाता येईल.

१. आधी कुंपण घाला

'खेळाचं जुनं काहीही' असं म्हणून सुरुवात केलीत तर वर्षभरात घरात अडगळ होते आणि घरच्यांचा विरोधही सुरू होतो. एकच धागा धरा. शक्य असलेले चार धागे असे:

- फाळणीपूर्व सियालकोटचा माल
- १९४७ नंतरचा जालंधर आणि मेरठचा माल
- डोक्याचा (चेंडू मारायच्या वळलेल्या भागाचा) आकार कसा बदलत गेला ते दाखवणाऱ्या स्टिका
- पुणे, कॅम्प आणि खडकीच्या दुकानदारांचे शिक्के असलेलं साहित्य

पुण्यात राहणाऱ्याने चौथा धागा धरावा असं आमचं स्पष्ट मत आहे. माल इथेच आहे, त्याबद्दल सांगू शकणारी माणसं अजून आहेत आणि या कोपऱ्यात स्पर्धा जवळपास नाही. सियालकोटच्या शिक्क्यामागे बाहेरगावचे व्यापारीही असतात, त्यामुळे तिथे भाव लगेच चढतो.

थोडी पार्श्वभूमी हवी. ब्रिटिश काळात हॉकी स्टिका, बॅटी आणि रॅकेट बनवण्याचं मोठं केंद्र सियालकोट होतं. १९४७ मध्ये तिथले हिंदू आणि शीख कारखानदार व कारागीर इकडे आले आणि त्यांच्याबरोबर धंदाही आला. हॉकी प्रामुख्याने जालंधरला रुजली, क्रिकेटचा मोठा भाग मेरठला गेला. पुढे १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि स्टिकेचं रूप झपाट्याने बदललं. १९४७ आणि १९७६ ही दोन वर्षं लक्षात ठेवलीत तरी निम्मी वर्गवारी होते.

२. पिशवीत काय हवं

- मापाची टेप, इंच आणि सेंटिमीटर दोन्ही असलेली
- दहापट मोठं दाखवणारं भिंग (घड्याळवाले वापरतात ते)
- पाच किलोपर्यंतचा छोटा वजनकाटा
- छोटी विजेरी आणि नोटा तपासायची अतिनील विजेरी
- पातळ कार्डबोर्डमध्ये कापलेलं ५१ मिलिमीटर आतल्या व्यासाचं कडं
- मऊ ब्रश, सुती फडकं, काळा कार्डशीट, मोठी पॉलिथिन पिशवी
- पेन्सिल, वही, कोऱ्या पावत्या
- सुट्या नोटा

शेवटची वस्तू विसरू नका. पाचशेची नोट पुढे केल्यावर कोणी तीनशेला वस्तू देत नाही.

३. पुण्यात शोधायचं कुठं

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. सकाळी लवकर जा. स्टिका 'अँटिक' म्हणून मांडलेल्या टेबलावर क्वचितच असतात. त्या सापडतात फावड्यांच्या दांड्यांत, तुटक्या छत्र्यांत, लोखंडी पायपांच्या ढिगात. जिथे पितळी होकायंत्रं आणि दुर्बिणी चमकत असतात तिथे वेळ घालवू नका. त्यातली बहुतेक मंडळी कालपरवा जन्मलेली असतात.

दुसरी जागा म्हणजे कॅम्पातली आणि पेठांतली खेळसाहित्याची जुनी दुकानं. मालकांना माळ्यावरच्या न विकलेल्या मालाबद्दल विचारा. मूळ लेबल, मूळ दोरा आणि किंमत असलेली न वापरलेली वस्तू तिथेच मिळते. विनंती मात्र गिऱ्हाइकी कमी असलेल्या वेळी करा. दुपारी एक ते चार कोणाला विचारायचं नाही, हे पुणेकराला वेगळं सांगायला नको.

तिसरी आणि सर्वांत चांगली जागा म्हणजे घरं. खडकी, दापोडी, घोरपडी, वानवडी, रास्ता पेठ आणि कॅम्प परिसरात लष्कर, दारूगोळा कारखाना, रेल्वे आणि मिशनच्या शाळांमुळे हॉकी खोल रुजली. धनराज पिल्ले खडकीत जन्मले, तो काही योगायोग नव्हे. इथे 'जुनी हॉकी स्टिक आहे का?' असं विचारलंत तर 'नाही' असंच उत्तर मिळतं, कारण घरच्यांच्या लेखी ती स्टिक नसते, काठी असते. 'घरात पूर्वी कोण खेळायचं?' इथून सुरुवात करा. मग फोटो निघतात, फोटोंमागून काठी.

क्लब आणि जिमखान्यांच्या सामानाच्या खोल्या अधूनमधून रिकाम्या होतात. डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ ची आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू पाठवण्याच्या खटपटीची सुरुवातही तिथलीच. अशा जुन्या संस्थांकडे जाताना सचिवांना लेखी अर्ज द्या आणि वस्तू मिळाली तर संस्थेच्या कागदावर पत्र घ्या. चौकीदाराने परस्पर काढून दिलेली वस्तू कितीही चांगली असली तरी घेऊ नका.

इंटरनेटवर घेताना एक मोठा सापळा आहे. 'विंटेज हॉकी स्टिक' म्हणून परदेशी विक्रेते बहुधा बर्फावरच्या हॉकीची स्टिक विकतात. तिचं पातं लांब, सपाट आणि दांड्याशी कोनात असतं. आयर्लंडमधल्या हर्लिंगची काठी खाली पसरट असते. स्कॉटलंडच्या शिंटीची काठी डोक्याच्या दोन्ही बाजूंनी खेळता येते. मैदानी हॉकीची स्टिक फक्त डाव्या बाजूला सपाट असते. फोटोत दोन्ही बाजू दिसल्याशिवाय पैसे पाठवू नका.

४. स्टिक हातात आल्यावर

इथे घाई नको. दहा मिनिटं लागली तरी चालतील. विक्रेता कंटाळला तर भाव थोडा उतरतो, हा वरचा फायदा.

सपाट बाजू. स्टिक खेळताना धरतात तशी धरा. सपाट बाजू डावीकडे आणि गोल बाजू उजवीकडे आली पाहिजे. उलटी असेल तर ती शोभेची किंवा कुठल्यातरी सुताराने अंदाजाने बनवलेली. डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक नियमांत बसत नाही, त्यामुळे 'ही डावखुऱ्याची, दुर्मीळ आहे' हे ऐकलं की नमस्कार करून पुढे चला.

कडं. स्टिक दोन इंची कड्यातून आरपार जावी, ही अट फार जुनी आहे. कार्डबोर्डचं कडं वरून खाली सरकवत न्या. मुठीवर नंतर गुंडाळलेल्या टेपमुळे अडलं तर हरकत नाही. दांड्यात किंवा डोक्याच्या वळणाआधी अडलं तर वस्तू खेळाची नसण्याची शक्यता मोठी.

लाकडाच्या रेषा. ही सगळ्यांत महत्त्वाची खूण. खऱ्या स्टिकेचं डोकं वाफेवर लाकूड मऊ करून वाकवलेलं असतं, म्हणून रेषा वळणाबरोबर वळत टोकापर्यंत जातात. फळीतून आकार कापलेला असेल तर रेषा सरळ राहतात आणि टोकापाशी आडव्या तुटतात. अशी स्टिक जोरात फटका मारला की तिथेच तडकते, त्यामुळे ती खेळायला कोणी बनवली नसणार. उपाहारगृहांच्या भिंतींसाठी बनवलेल्या 'जुन्या' स्टिका इथेच उघड्या पडतात. भिंग टोकाच्या बुडाशी धरा. वरचं पॉलिश फसवू शकतं, रेषा फसवत नाहीत.

लाकूड कोणतं. इंग्लंडच्या जुन्या स्टिका अ‍ॅशच्या असत. ते फिकट राहतं, ठळक सरळ रेषांचं असतं. आपल्याकडच्या स्टिका तुतीच्या. तुती ताजी असताना पिवळसर असते, वर्षांनुवर्षं हात आणि उजेड लागून मधाच्या रंगावरून गडद तपकिरी होते. मुठीची गुंडाळी जिथे सुटली असेल तिथे आतलं लाकूड बघा. बाहेर गडद आणि आत तसंच गडद असेल तर रंग लावलेला असू शकतो. उजेड न लागलेला भाग फिकट असायलाच हवा.

डोकं. सुरुवातीच्या इंग्लिश स्टिकांचं डोकं लांब आणि वळण पसरट असतं. भारतीय डोकं आखूड आणि घट्ट वळलेलं, म्हणजे चेंडू उलट्या स्टिकने झटकन फिरवता यावा असं. भारतीय संघाने १९२८, १९३२ आणि १९३६ ची ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकल्यानंतरच्या दशकांत हा आखूड आकार जगभर पसरला. पण एकट्या आकारावरून साल सांगू नका. लांब डोक्याच्या स्टिका बऱ्याच नंतरपर्यंत बनत राहिल्या, विशेषतः शाळांसाठी. डोक्यात पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवलेल्या दिसल्या आणि टोक हुकासारखं वर आलेलं असलं तर ती साधारण १९८० च्या आसपासची किंवा नंतरची. दांड्यावर फायबरग्लासची जाळी गुंडाळलेली असेल तर ढोबळमानाने १९७० नंतरची.

सांधा. मूठ वेताची असते. वेताचे तुकडे चिकटवून, मधे रबराच्या पट्ट्या घालून ती बनवतात, म्हणजे फटक्याचा झटका मनगटात जात नाही. हा वेत खाली पाचरीसारखा डोक्याच्या लाकडात शिरतो आणि बाजूने पाहिलं की इंग्रजी व्ही आकाराची रेघ दिसते. रेघेवर नख फिरवा. नख अडकलं तर सांधा सुटतोय. दोन्ही हातांनी हलकेच पीळ देऊन ऐका, 'कट्' असा आवाज आला तर सरस (सांधा चिकटवायचा जुना गोंद) मेलाय. हे दोष सुधारता येतात, पण भाव त्यानुसार हवा. गुडघ्यावर टेकवून वाकवून बघू नका. शंभरीच्या जवळ आलेला वेत तिथेच मोडेल आणि मग पूर्ण किमतीला तुमचाच होईल.

सांध्यातल्या गोंदाचा रंगही बघा. जुना सरस तपकिरी, काचेसारखा ठिसूळ असतो. दुधाळ, रबरासारखा ओघळ दिसला तर ते फेव्हिकॉलसारखं काही, आणि फेव्हिकॉल बाजारात आलं १९५९ मध्ये. त्याने वस्तू खोटी ठरत नाही, दुरुस्ती कधीची ते कळतं.

वजन. मोठ्या माणसाची स्टिक साधारण ५०० ते ६८० ग्रॅम, लांबी ३६ इंचांच्या आसपास. जुन्या स्टिकांवर वजन औंसात टाकलेलं असतं, उदाहरणार्थ २१ किंवा २२. एक औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम. शिक्क्यावर २२ असेल तर काट्यावर सुमारे ६२४ ग्रॅम यायला हवेत. लाकूड सुकून थोडं कमी भरतं, टेप गुंडाळून थोडं जास्त. शंभर ग्रॅमची तूट असेल तर आतून कीड लागलीय किंवा डोकं घासून आखूड केलंय.

झीज. चेंडू फक्त सपाट बाजूने मारायचा असतो. म्हणून खरी झीज सपाट बाजूवर, टाचेपाशी (दांडा जिथे डोक्यात वळतो तिथे) आणि जमिनीला घासणाऱ्या बुडाला असते. गोल बाजूवर चेंडूचे गोल ठसे नसतात. मूठ वरच्या टोकाला आणि उजवा हात येतो तिथे जास्त काळवंडते. सगळीकडे सारखीच 'झीज' दिसली तर कोणीतरी साखळीने बडवून ती आणलीय. सपाट बाजूच्या खळग्यांत पांढऱ्या रंगाचे कण सापडले तर उत्तम. तो जुन्या रंगवलेल्या चामडी चेंडूचा रंग असतो. तो कधीही पुसू नका.

५. शिक्के आणि लेबलं

शिक्का तीन प्रकारचा असतो. तापवून उमटवलेला, दाबून खोल केलेला, आणि वर चिकटवलेलं छापील चित्र. तापवलेल्या शिक्क्याच्या कडा लाकडात किंचित जळून मऊ झालेल्या असतात. आजकालच्या लेझरच्या खुणेची कड अगदी सरळ, तळ एकसारखा काळा. भिंगाखाली फरक लगेच दिसतो.

इंग्रजी कंपन्यांपैकी एफ. एच. एअर्स, जॅक्स, स्लेझेंजर, बसी, साइक्स, ग्रॅडिज ही नावं दिसतील. आपल्याकडे सियालकोटच्या उबेरॉयचा माल फार फिरला. पण नावापेक्षा पत्ता जास्त बोलतो:

- 'सियालकोट' आणि खाली 'इंडिया': १९४७ पूर्वीची.
- 'सियालकोट' आणि 'पाकिस्तान': फाळणीनंतरची. विक्रेते दुसरी ओळ खरवडतात. तिथे बोट फिरवा, खळगा लागतो.
- जालंधरचं इंग्रजी स्पेलिंग 'यू'ने लिहिलेलं: जुनं. 'ए'ने लिहिलेलं: नंतरचं.
- पुण्याचं जुनं इंग्रजी नाव 'पूना': 'पुणे' हे अधिकृत झालं १९७८ मध्ये. दुकानदारांनी जुने शिक्के पुढेही वापरले, त्यामुळे हा एकटा पुरावा पुरेसा नाही.
- पत्त्यात 'पूना-१', 'पूना-२' असा एक आकडा: सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला, त्याआधीची ही पद्धत. ४११ ने सुरू होणारा आकडा असेल तर नक्की त्यानंतरची.
- किंमत आणे-पैत: १ एप्रिल १९५७ पूर्वीची. 'नये पैसे': १९५७ ते १९६४ च्या दरम्यानची.

एका बिलाने किंवा लेबलाने दहा तज्ज्ञांचं काम होतं. म्हणून घरातून स्टिक मिळाली की पावती, पिशवी, संघाचा फोटो, स्पर्धेचं प्रमाणपत्र यांचीही चौकशी करा. लोक ते कागद आधी रद्दीत घालतात.

बाणाची खूण दिसली तर ती सरकारी मालाची. लष्कराचा किंवा संस्थेचा शिक्का असलेली वस्तू लिलावात किंवा मोडीत रीतसर निघाली होती का, ते विचारा. कागद नसेल तर सोडून द्या.

६. नेहमीचे सापळे

ध्यानचंदांची स्टिक. दर थोड्या दिवसांनी एक निघते. पुरावा म्हणून विक्रेत्याचं 'आजोबा सांगायचे' पुरत नाही. त्याच स्टिकेवरची गाठ, तडा किंवा डाग दिसणारा जुना फोटो, मालकीची न तुटलेली साखळी आणि त्या काळचं पत्र, यांपैकी किमान दोन गोष्टी हव्यात. मार्कर पेनने केलेली सही १९३६ ची असूच शकत नाही. ध्यानचंद १९७९ पर्यंत हयात होते, त्यामुळे सही खरी आणि नंतरची असू शकते. पण तेवढ्यावरून स्टिक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकची होत नाही.

'पूना गेम'ची, म्हणजे सुरुवातीच्या बॅडमिंटनची रॅकेट. १८६० आणि १८७० च्या दशकांत पुण्यातले ब्रिटिश अधिकारी बॅडमिंटन खेळत आणि खेळाचे सुरुवातीचे नियम इथे बांधले गेले, हे खरं. त्याचा आधार घेऊन कोणतीही लाकडी रॅकेट त्या काळातली म्हणून पुढे केली जाते. लाकडी डोकं आणि पोलादी दांडी असेल तर ती विसाव्या शतकाच्या मध्याच्या आगेमागची. टेनिसची रॅकेट बॅडमिंटनची म्हणून खपवण्याचा प्रकारही आहे. टेनिसची चौकट जाड आणि वजन बरंच जास्त असतं.

चहा आणि पोटॅशियम परमँगनेट. नव्या लाकडाला 'वय' आणण्याचे हे स्वस्त उपाय, वरून बुटाचं पॉलिश. वास घ्या, तडे आणि कोपरे बघा. खऱ्या तड्यात धूळ आणि मळ असतो, रंगवलेल्यात कडेपर्यंत एकसारखा रंग. अतिनील विजेरीखाली आधुनिक दोरा आणि कागद निळसर पांढरा झळाळतो, जुना सुती दोरा बहुधा निस्तेज राहतो. मात्र मूठ पुन्हा बांधून घेणं खेळाडूंच्या नेहमीच्या सवयीचं असे, त्यामुळे नव्या दोऱ्यावरून सगळी स्टिक नापास करू नका.

स्पिरिटचा बोळा फिरवून तपासायचा सल्ला काही जण देतात. लाखेचं जुनं पॉलिशही स्पिरिटमध्ये विरघळतं. मालकाच्या परवानगीशिवाय आणि लपलेल्या जागेशिवाय तो प्रयोग करू नका.

७. व्यवहार

भाव विचारताना वस्तूचं कौतुक नको, नावं ठेवणंही नको. 'सांधा सुटलाय, कीड दिसतेय' एवढं दाखवा आणि तुमचा आकडा सांगा. घरगुती माणसाकडून घेताना मात्र वस्तू खरोखर मौल्यवान असेल तर तसं सांगून घ्या. आज पन्नास रुपयांत उचललेली स्टिक पुढे वर्तमानपत्रात छापून आली की त्या गल्लीतलं एकही दार पुन्हा उघडत नाही.

पावती नेहमी घ्या. साध्या कागदावर चालेल: तारीख, वस्तूचं वर्णन (लांबी, वजन, शिक्का, दोष), रक्कम, विकणाऱ्याचं नाव, पत्ता, सही आणि 'वस्तू माझ्या मालकीची आहे' हे एक वाक्य. मोठी रक्कम असेल तर बँकेतून द्या आणि ओळखपत्राची प्रत मागा. घरातल्या वस्तूबरोबर अर्धं पान इतिहास लिहून घ्या: कोण खेळायचं, कुठल्या संघातून, साधारण कधी. वयस्कर माणसं असतील तर त्यांच्या परवानगीने आवाज ध्वनिमुद्रित करा.

८. कायद्याचं तेवढं बघा

'पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम १९७२' नुसार ऐतिहासिक महत्त्वाची, किमान शंभर वर्षं जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते. नोंदणीची सक्ती प्रामुख्याने शिल्पं, चित्रं, हस्तलिखितं अशा अधिसूचित प्रकारांना आहे, पण निर्यातबंदी त्यापेक्षा व्यापक आहे. खासगी व्यक्तीला पुरावशेष देशाबाहेर पाठवता येत नाही. शंभरी गाठलेली स्टिक परदेशातल्या मित्राला कुरिअरने धाडण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यावा लागेल. पुरावशेषांची खरेदी-विक्री धंदा म्हणून करायची तर परवाना लागतो.

दुसरा कायदा जास्त बोचतो: 'वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२'. जुन्या बंगल्यांच्या सामानात बिलियर्डचे हस्तिदंती चेंडू, हस्तिदंती मुठी, शिकारीची कातडी निघतात. त्यांची खरेदी-विक्री बेकायदा आहे, मग ती कितीही जुनी असोत. चेंडूवर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषांची जाळी दिसली तर तो हस्तिदंत समजा आणि हात मागे घ्या.

विमानाने येणार असाल तर हॉकी स्टिक केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. लांब खोक्यात बांधून सामानात टाका, टोकाला फोम भरा.

९. घरी आणल्यावर पहिला महिना वेगळा

नवी वस्तू थेट संग्रहात ठेवू नका. वेत आणि तुतीचं पांढरं लाकूड या दोन्हींना भुंगा लागतो. स्टिक काळ्या कार्डशीटवर ठेवून पॉलिथिनमध्ये बंद करा. एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं जुनी असू शकतात, पण काळ्या कागदावर पिठासारखी पांढुरकी भुकटी पडली तर कीड जिवंत आहे. पहिल्या दिवशी भोकांचा जवळून फोटो काढा, महिन्याने ताडून बघा. उन्हाळ्यापासून पावसाच्या तोंडापर्यंत जास्त लक्ष द्या, किडे तेव्हा बाहेर पडतात.

उपाय थंडीचा. हवा काढून घट्ट बंद केलेल्या पिशवीत वस्तू उणे १८ अंशांखाली किमान दोन आठवडे ठेवायची. घरच्या फ्रिजमध्ये ३६ इंचांची स्टिक बसत नाही, आइस्क्रीमवाल्याचा आडवा डीप फ्रीजर लागतो. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर दव धरून लाकूड फुगतं. तात ताणलेली रॅकेट मात्र गोठवू नका. भोकांत रॉकेल ओतायचा सल्ला तर साफ धुडकावून लावा. डाग कायमचा राहतो, वास जात नाही आणि घरात जळाऊ वस्तू तयार होते.

१०. साफसफाई: कमीत कमी

मऊ ब्रशने धूळ झाडा. चिकट मळ असेल तर कापसाचा बोळा पाण्यात बुडवून पिळून घ्या, एका वेळी दोन इंच पुसा, लगेच कोरड्या फडक्याने टिपा. हट्टी डागाला थुंकीने ओला केलेला बोळा. हसू नका, संग्रहालयांतही हे करतात. थुंकीतले विकर मळ सैल करतात आणि लाकडाला त्रास देत नाहीत.

पॉलिशपेपर, रंधा, नवं वॉर्निश, टचवुड यांपैकी काहीही लावलंत की वस्तूचा इतिहास आणि किंमत एकाच बैठकीत जातात. खोबरेल तेल वाळत नाही, खवट होतं आणि धूळ धरतं. जवसाचं तेल वाळतं, पण जमवलेल्या वस्तूला त्याची गरज क्वचितच. लावलंच तर एक पातळ हात द्या. तेलाचं फडकं बोळा करून कचऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. पाण्यात भिजवा किंवा दोरीवर पसरून वाळवा.

चामड्याचा जुना फुटबॉल फुगवू नका, शिवण उसवते. आत आम्लरहित कागद सैलसर भरा. वर्तमानपत्र भरलंत तर डाग पडतो. चामडं तांबड्या भुकटीसारखं हाताला लागत असेल तर तेल पाजून काही होत नाही, मऊ कापडात गुंडाळून तसंच ठेवा. लाकडी रॅकेट चार स्क्रूंच्या चौकटीत ठेवा, नाहीतर एका पावसाळ्यात पिळवटते. जुन्या सेल्युलॉइडच्या टेबल टेनिस चेंडूंना विस्तवापासून आणि बाकी संग्रहापासून लांब जागा द्या. ते भडकतात.

मुद्गल, करेला, जुनी वजनदार लेझीम हे आपल्या तालमींमधलं साहित्य हॉकीच्या स्टिकेइतकंच दुर्लक्षित आहे. तिथे तेल, माती आणि घामाचा थर हाच वस्तूचा पुरावा असतो. तो घासून काढू नका, झाडून थांबा.

११. ठेवायचं कसं

स्टिक भिंतीला टेकवून उभी ठेवली की हळूहळू वाकते. आडवी ठेवा, दोन ठिकाणी आधार द्या, आधाराला फेल्ट लावा. पावसाचा मारा लागणारी भिंत टाळा, आणि ऊन येणारी खिडकीही. चैत्र-वैशाखात पुण्याची हवा इतकी कोरडी पडते की सांधे उघडतात, आषाढ-श्रावणात तेच लाकूड फुगतं. पाचसहाशे रुपयांचं आर्द्रतामापक कपाटात ठेवा. आकडा ४५ ते ६० च्या मधे असावा. ७० च्या वर गेला की बुरशी आलीच. तेव्हा कपाट पंख्याखाली रोज थोडा वेळ उघडं ठेवा आणि सिलिका जेलच्या पुड्या तापवून पुन्हा वापरा. डांबराच्या गोळ्यांचा भुंग्यावर भरवसा नाही आणि वास वर्षानुवर्षं जात नाही.

१२. नोंदवही पहिल्या वस्तूपासून

दहा वस्तू झाल्यावर नोंदी करू, असं म्हणणाऱ्यांच्या नोंदी कधीच होत नाहीत. प्रत्येक वस्तूला वर्ष आणि अनुक्रम असा क्रमांक द्या, उदाहरणार्थ २०२५/७. क्रमांक लाकडावर लिहू नका. सुती दोऱ्याने बांधलेल्या कागदी चिठ्ठीवर पेन्सिलने लिहा. चिकटपट्टी तर नकोच, तिचा पिवळा डाग लाकडात मुरतो. वहीत लांबी, वजन, डोक्याच्या टोकाची लांबी, लाकूड, सांधा, शिक्क्याची अक्षरशः नक्कल, दोष, कुठून मिळाली, किती दिले, काय दुरुस्ती केली, हे सगळं. सोबत सहा फोटो: दोन्ही बाजू, डोकं, टोकाचं बूड, सांधा, शिक्का. शिक्क्यावर विजेरीचा उजेड बाजूने, जमिनीला समांतर पाडा. समोरून न दिसणारी अक्षरं सावलीत उठून येतात, आणि कधीकधी खरवडलेलं 'पाकिस्तान'ही.